स्मृतीची साक्ष आणि इतिहासाचें कथन

(कांहीं आत्मवृत्तें व बखरी पुनः वाचून सुचलेले विचार)

१

आत्मवृत्तें, आठवणी व बखरी यांकडे पाहण्याची आपल्या अभ्यासकांची दृष्टि एकदां या टोकास, तर एकदां त्या टोकास गेलेली आहे. आरंभीं बखर म्हणजेच इतिहास, अशी समजूत होती. पुढें इ. स. १८९८ मध्यें राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, त्यांत पानिपतापूर्वीच्या दहा-अकरा वर्षांचीं पत्रें छापलीं, आणि प्रस्तावनेंत बखरींतील स्थल, काल व व्यक्तिविषयक चुका एकामागून एक दाखविल्या. तेव्हांपासून बखर म्हणजे भाकडकथा, असें म्हणून ती फडताळांत परत ठेवण्याची चाल पडली. पहिली वृत्ति भाबडेपणाची होती. दुसरी शिस्तीची खरी, पण तिच्यांत आळसाचाही कांहीं अंश आहे. कारण साक्षीदार खोटा ठरविणें सोपें असतें. तो कोणत्या गोष्टीपुरता खरा आहे हें ठरविण्यास मात्र श्रम पडतात.

अलीकडे सवड मिळाली तेव्हां या जातीचे कांहीं ग्रंथ मीं पुनः ओळीनें वाचले. सभासदाची बखर, नाना फडणिसांचें आत्मचरित्र, काशीराज पंडिताची पानिपतची हकीकत, भाऊसाहेबांची बखर, रघुनाथ यादवाची पानिपतची बखर आणि विष्णुभट गोडसे वरसईकरांचा 'माझा प्रवास' हे ते ग्रंथ होत. त्यांच्या जोडीस ग्रँट डफापासून शेजवलकरांपर्यंतचीं कांहीं कथनात्मक इतिहासपुस्तकेंही पाहिलीं. या वाचनांतून जे अभिप्राय बनले ते संग्राहक व संशोधक बंधूंपुढें ठेवण्याचा विचार आहे. यांत नवें साधन कांहींच नाहीं. जीं साधनें आपण जाणतों असें आपणांस वाटतें, तीं कशीं वाचावीं एवढाच प्रश्न आहे.

प्रत्येक ग्रंथास मीं चार प्रश्न विचारले. सांगणारा त्या वेळीं कोठें उभा होता? घडल्यानंतर किती काळानें त्यानें लिहिलें? कोणासाठीं लिहिलें? आणि त्याचें लिहिणें आपल्या हातीं येईपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून गेलें? पहिले तीन प्रश्न सर्वच अभ्यासक विचारतात. चौथ्याची उपेक्षा होते; आणि आपणां संग्राहकांचा खरा संबंध चौथ्याशींच आहे.

२

सभासदापासून आरंभ करूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें आपली बखर जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिली. शिवाजी महाराजांचा काळ १६८० त झाला. म्हणजे मध्यें सुमारें सतरा वर्षांचें अंतर पडलें. लेखक महाराजांच्या दरबारांतला, पण लिहितो तें स्वदेशापासून शेंकडों कोस दूर, मोंगलांनीं वेढलेल्या किल्ल्यांत बसून. दप्तर त्याच्याजवळ असणें संभवनीय नव्हतें, आणि बखर वाचतांना तें जागोजाग जाणवतें. सनावळी जवळजवळ नाहीं. प्रसंगांचा क्रमही पुष्कळदां मागें-पुढें झालेला आहे.

हाच दोष पुढें करून त्याला बाजूस सारावें काय? तसें करणें अन्यायाचें होईल. सभासद तारखेंत चुकतो. परंतु राज्याचा कारभार कसा चाले, किल्ल्यावर कोणकोणते अधिकारी असत व एकमेकांवर त्यांचा दाब कसा ठेविलेला असे, पागा व शिलेदार यांत भेद काय, हें सांगूं लागला म्हणजे त्याचें पाऊल अडखळत नाहीं. कारण उघड आहे. माणूस रोज ज्या व्यवस्थेंत वावरला ती व्यवस्था त्याच्या अंगवळणीं पडते. एका विशिष्ट दिवसाची तिथि तशी अंगवळणीं पडत नाहीं. तेव्हां तिथीसाठीं सभासदाकडे जाणें ही चूक वाचकाची आहे, सभासदाची नव्हे.

तिथि हवी असेल तर शकावलीकडे जावें. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं राहिलेली व लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली घ्या. त्या थोड्या पानांत कथा नाहीं, वर्णन नाहीं, कोणाची स्तुति नाहीं. नुसत्या मित्या व घटना. पण शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे इ. स. १६३० ची १९ फेब्रुवारी, ही तिथि त्याच पानांनीं आपल्या हातीं दिली, सभासदानें नाहीं. उलट, नुसत्या शकावलीवरून महाराजांच्या राज्याचें चित्र उभें करावयास कोणी बसेल तर त्याच्या हातीं सांगाडाच लागेल. दोन्ही साधनें खरीं आहेत. त्यांच्या खरेपणाचे प्रांत मात्र वेगळे आहेत.

या जोडीस मल्हार रामराव चिटणिसाची बखर ठेवून पाहावी. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे शिवकालानंतर सुमारें एकशें तीस वर्षांनीं झालेली. सभासद थोडक्यांत सांगतो तें चिटणीस विस्तारानें सांगतो. पण वाढलेला प्रत्येक तपशील हें नवें ज्ञान असतेंच असें नाहीं. मधल्या चार पिढ्यांनीं ती कथा कशी सांगितली याचें तें पुष्कळदां ज्ञान असतें, आणि त्या दृष्टीनें तेंही मोलाचें आहे. मात्र त्याचा जमाखर्च शिवकालाच्या खातीं मांडूं नये.

३

आतां पानिपताकडे वळूं. इ. स. १७६१ च्या १४ जानेवारीचा तो एक दिवस. पण त्याचे साक्षीदार चार ठिकाणीं बसलेले आहेत, आणि चौघांच्या हकीकती शेजारीं शेजारीं वाचल्या म्हणजे या प्रकारच्या वाङ्मयाची मर्यादा व महती दोन्ही कळून येतात.

पहिले साक्षीदार नाना फडणीस. त्यांचा जन्म १७४२ चा. लढाईच्या वेळीं वय एकोणीस वर्षांचेंही पुरें नव्हतें. बरोबर आई व पत्नी. त्यांनीं आपलें आत्मवृत्त लिहिलें तें फारच थोडें आहे. बालपण, तारुण्यांतील मनाचे विकार, तीर्थयात्रेची ओढ, भाऊसाहेबांबरोबरची स्वारी, रणांगणांतून पलायन, आणि वाटेंतील हालअपेष्टा सोशीत स्वदेशाकडे परत येणें, एवढ्यावर तें थांबतें. ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानें केलेलें त्याचें भाषांतर इ. स. १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें प्रसिद्ध केलें होतें. म्हणजे या लहानशा पुस्तकाचें मोल परक्यांनींही लवकर ओळखलें.

या आत्मवृत्तांत सैन्याची गणना शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल. व्यूह कसा होता, तोफा कोठें होत्या, कोणती फौज आधीं मोडली, याविषयीं तें फारसें बोलत नाहीं. पण अंगावरचीं वस्त्रें टाकून, गवतांत दडून, सोबती डोळ्यांदेखत पडत असतां रेवाडीच्या दिशेनें पळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांत आहे. आईची ताटातूट झाली ती कायमची. पत्नी मात्र पुढें सुखरूप भेटली. सावकाराच्या घरीं मिळालेला आसरा त्यांत आहे. आणि यांतलें कांहींही धन्यास दाखविण्यासाठीं लिहिलेलें दिसत नाहीं. आपण भ्यालों, आपलें मन विषयांकडे ओढलें जाई, हें धन्यास कोण सांगेल? ज्या पुरुषाच्या हाताखालून पुढें जवळजवळ चाळीस वर्षें मराठी राज्याचा पत्रव्यवहार गेला, त्यानें आपल्या सत्तेच्या काळाविषयीं आत्मवृत्तांत अवाक्षर लिहूं नये आणि पळाल्याची हकीकत मात्र लिहून ठेवावी, हीच गोष्ट त्याच्या सचोटीची मोठी साक्ष आहे. पराभूत सैन्याच्या मनाची स्थिति पत्रांतून कळत नाहीं, कारण पळतांना कोणी पत्र लिहीत नाहीं. ती या आत्मवृत्तांतून कळते.

दुसरा साक्षीदार काशीराज शिवदेव. हा दक्षिणी ब्राह्मण सुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. म्हणजे उभा होता तो शत्रूच्या गोटांत. त्याची हकीकत फारसींत, आणि ती सुमारें १७८० ची. लढाईस एकोणीस-वीस वर्षें लोटल्यावरची. तहाचीं बोलणीं त्याच्यामार्फत चालत, आणि लढाईच्या ऐन तोंडावर भाऊसाहेबांची शेवटची चिठी आली ती त्याच्याच हातीं. विश्वासरावांच्या देहाची ओळख पटविण्याच्या प्रसंगींही तो होता. या गोष्टींत त्याच्या तोडीचा साक्षीदार दुसरा नाहीं.

पण त्याचे आंकडे पहा. मराठ्यांचें लढाऊ सैन्य तो पंचावन्न हजार स्वार व पंधरा हजार पायदळ, शिवाय पेंढारी, असें सांगतो. हा आंकडा सावध माणसाचा दिसतो. तोच छावणींतील एकंदर माणसें सांगूं लागला म्हणजे मेलेलीं व कैद झालेलीं मिळून पांच लाखांच्या घरांत जातो. फौजेचा आंकडा फडावर ऐकूं येतो व कागदावर सांपडतो. बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलें यांची मोजदाद त्या दिवशीं कोणी केली नव्हती. म्हणून एकाच लेखकाचा एक आंकडा विचारांत घेण्याजोगा व दुसरा केवळ भीतीचें माप, असें होऊं शकतें. 'काशीराज विश्वसनीय' किंवा 'काशीराज अविश्वसनीय' हीं दोन्ही विधानें त्यामुळें निरर्थक ठरतात.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ काळपर्यंत आपले व परकीय ग्रंथकार ज्याला काशीराज म्हणून प्रमाण धरीत तें ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याचें अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेलें भाषांतर होतें. पुढें जदुनाथ सरकारांनीं मूळ फारसीवरून तें पुनः केलें. तोंवर आपण काशीराजाची नव्हे, तर ब्राउनाची साक्ष काढीत होतों.

तिसरा व चौथा साक्षीदार म्हणजे दोन बखरी. भाऊसाहेबांची बखर कृष्णाजी शामराव याच्या नांवावर चालते, आणि युद्धानंतर थोड्याच काळांत ती झाली असावी असें तिची भाषा व आवेश यांवरून वाटतें. दत्ताजी शिंद्यांचें बुराडी घाटावरचें १० जानेवारी १७६० चें मरण महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे तें अशा बखरींमुळें. नजीबखानास जिवंत राखावा, तो नाहींसा झाला तर पेशव्यांस आपली गरज उरणार नाहीं, असा जो सल्ला मल्हारराव होळकरांच्या तोंडीं घातला जातो तोही बखरींतलाच. आतां, अशी खासगी मसलत ऐकावयास बखरकार जवळ बसला होता असें मानण्यास आधार नाहीं. पण १७५७ मध्यें दिल्लीस नजीब हातीं सांपडला असतां मल्हाररावांच्या रदबदलीनें तो सुटला, हें समकालीन कागदांवरून दिसतें. म्हणजे संवाद बखरकाराचा, घटना इतिहासाची. पराभवानंतर छावण्यांतून व कचेऱ्यांतून दोष कोणावर ठेविला जात होता, हें त्या संवादावरून कळतें. समकालीन मत हेंही इतिहासाचें साधन आहे; तें घटनेच्या पुराव्यांत मिसळलें म्हणजे मात्र घोटाळा होतो.

रघुनाथ यादवाची बखर आपण गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेलों असें स्वतःच सांगते. तिच्यांतील भारती युद्धाच्या उपमा, फुगविलेल्या संख्या, वीरांचीं लांबलचक वर्णनें यांची आपण थट्टा करीत आलों. पण क्षणभर विचार करावा कीं, ही बखर वाचावयाची कोणासमोर होती? जिचा सतरा-अठरा वर्षांचा ज्येष्ठ पुत्र त्या रणांत पडला आणि जिचा पति त्याच वर्षाच्या २३ जूनला त्या दुःखानें गेला, अशा मातेसमोर. तिला फौजेची बिनचूक यादी नको होती. आपला मुलगा अभिमन्यूसारखा पडला हें ऐकावयाचें होतें. 'कोणासाठीं लिहिलें' हा प्रश्न विचारला म्हणजे त्या अतिशयोक्तीचा अर्थ लागतो. ती सैन्यगणनेस निरुपयोगी आहे. पण त्या पिढीनें आपलें दुःख कोणत्या रूपांत पचविलें हें जाणण्यास तिच्याइतकें साधन दुर्मिळ.

४

आतां गोडसे भटजी. या ग्रंथावर थोडा अधिक थांबतों, कारण वरील चारही प्रश्न यांत एकत्र येतात.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जानें गांजलेल्या घरांतले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा मिळणार, असें ऐकून ते चुलत्यांबरोबर १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाले, आणि महूच्या आसपास बंडाच्या वावटळींत सांपडले. पुढें धार, उज्जयिनी, ग्वाल्हेर असें करीत झांशीस पोंचले. सर ह्यू रोजचा वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. अखेर गंगोदकाची कावड घेऊन ते घरीं परतले. लिहिलें तें मोडींत, १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनीं. आणि तें चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून.

झांशीच्या पाडावाचे इंग्रजी साक्षीदार पुष्कळ आहेत. मद्रास सॅपर्स पलटणीबरोबरचा डॉक्टर टॉमस लो यानें आपली हकीकत १८६० मध्येंच छापली. तींत तारखा आहेत, पलटणींचीं नांवें आहेत, मोर्चे व तोफा आहेत. सनावळीसाठीं ती गोडसे भटजींच्या पुष्कळ पुढें आहे. पण लो तटाच्या बाहेर होता आणि विष्णुभट तटाच्या आंत. १८५८ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत गोरी फौज शहरांत शिरल्यावर गल्ल्यांतून काय झालें, आधीं सोनें-रुपें, मग भांडीं, मग कापड, मग धान्य अशी लूट पायरीपायरीनें कशी उतरत गेली, हें ज्याच्या दारावरून ती लूट गेली तोच सांगूं शकतो.

संग्राहकांनीं तर त्यांतील एक भाग अवश्य वाचावा. झांशी दरबारचा पोथ्यांचा संग्रह किती नांवाजलेला होता, वेद, सूत्रें, स्मृति, पुराणें, ज्योतिष, वैद्यक यांचीं पुस्तकें तेथें किती निगेनें बासनांत बांधून ठेविलेलीं असत, आणि पाडावानंतर त्यांची कशी धूळधाण झाली, हें या भिक्षुक ब्राह्मणानें कळवळून लिहिलें आहे. लष्करी इतिहासकारांच्या पानांत या हानीस जागा नाहीं. तिची नोंद घेण्यास पोथीची किंमत कळणाराच माणूस तेथें असावा लागला.

काल्पीच्या वाटेवर धुळीनें भरलेली, पठाणी वेषांतली राणी विहिरीपाशीं भेटली, भटजी पाणी शेंदूं लागले असतां तिनें त्यांस तें करूं दिलें नाहीं, हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेला म्हणून ते सांगतात. उलट, ग्वाल्हेरीजवळ जून १८५८ मध्यें ती कशी पडली हें ते ऐकून लिहितात, आणि दोन्हींच्या लिहिण्यांत फरक जाणवतो. पाहिलेल्या प्रसंगांत दोरी, मडकें, धूळ असल्या बारीक वस्तु येतात. ऐकलेल्या प्रसंगांत त्या गळतात व थोर बोलणीं येतात. हा भेद ध्यानीं ठेवला तर कोणत्याही आठवणींच्या पुस्तकांत डोळ्यांची साक्ष कोठें संपते व कानांची कोठें सुरू होते हें पुष्कळसें ओळखतां येतें.

शिपायांच्या तोंडून ऐकलेली 'चौऱ्यांशी कलमां'ची कथाही अशीच. हिंदूंचा व मुसलमानांचा धर्म बुडविण्यासाठीं सरकारनें कलमें ठरविलीं, असें त्यांस सांगण्यांत आलें. हीं कलमें कोणत्याही सरकारी कागदांत शोधण्याचें कारण नाहीं. पण शिपाई तीं खरीं मानीत होते, ही गोष्ट खरी. आणि बंडाच्या कारणांचा विचार करणाऱ्यास तीच हवी असते.

५

परंतु या ग्रंथाचा अत्यंत बोधप्रद भाग त्याच्या आंत नसून त्याच्या प्रवासांत आहे. भटजींच्या पश्चात् इ. स. १९०७ मध्यें वैद्यांनीं तो छापला. छापतांना त्यांनीं भाषेवर संस्कार केले, मजकुराची मांडणी बदलली, कांहीं भाग गाळला. काळ पाहतां त्यांस सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. १९०७ सालीं बंडाची एतद्देशीयानें लिहिलेली हकीकत छापणें हें धाडसच होतें. शिवाय शिष्ट वाचकांपुढें भटजींची मोकळी वाणी जशीच्या तशी ठेवणें त्या पिढीस प्रशस्त वाटलें नसावें. पण परिणाम असा झाला कीं, पुढें जवळजवळ साठ वर्षें मराठी वाचक, चरित्रकार, नाटककार व कादंबरीकार ज्याला गोडसे भटजींचा शब्द म्हणत तो पुष्कळ ठिकाणीं वैद्यांचा शब्द होता. अमृतलाल नागरांनीं 'आंखों देखा गदर' या नांवानें केलेलें हिंदी रूपांतरही मूळ प्रत प्रसिद्ध होण्यापूर्वींचें.

मूळ मोडी प्रत वैद्यांनीं १९२२ मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केली. ती जशीच्या तशी वाचून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें प्रसिद्ध केली. मध्यें चव्वेचाळीस वर्षें गेलीं. या अवधींत ती प्रत पुण्यासच होती, मोडी वाचणारे विद्वान पुण्यासच होते, आणि सर्वजण अवतरणें घेत होते छापील पुस्तकांतून.

या हकीकतींत दोन धडे आहेत, आणि दुसरा पहिल्याहून महत्त्वाचा आहे. पहिला असा कीं, संपादकानें केलेली सुधारणा कितीही सद्धेतूची असो, ती साक्षींतील ढवळाढवळच होय. दुसरा असा कीं, ज्या वैद्यांनीं मजकूर बदलला त्यांनींच मूळ प्रत टाकून न देतां सुरक्षित हातीं दिली. छापील पुस्तकावर पुढें कोणी बोट ठेवूं शकेल, याचा पुरावा त्यांनीं स्वहस्तें जतन केला. संपादक म्हणून ते आजच्या कसोटीस उतरत नाहींत. संग्राहक म्हणून ते आपणां सर्वांस आदर्श आहेत. त्यांनीं ती मोडी प्रत निकामी समजून रद्दींत घातली असती, तर गोडसे भटजींचा खरा आवाज कायमचा गेला असता, आणि तो गेला हेंही कोणास कळलें नसतें.

६

आतां कथनात्मक इतिहासाविषयीं थोडेंसें. ग्रँट डफाचा इतिहास १८२६ चा. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंत त्यावर टीका लिहिली, ती १८६८ मध्यें छापली गेली. आज डफ वाचतांना त्याच्या मतांचा राग येतो, पण त्याची एक शिस्त मान्य करावी लागते: आपण कशावरून लिहितों हें तो पुष्कळ ठिकाणीं सांगतो. म्हणूनच कीर्तन्यांस त्याचें खंडन करतां आलें. ज्या ग्रंथाचें खंडन करतां येतें तो ग्रंथ शास्त्राच्या उपयोगाचा. ज्याचें मंडनही करतां येत नाहीं व खंडनही करतां येत नाहीं तो केवळ करमणुकीचा.

रियासतकार सरदेसायांची मराठी रियासत पुनः वाचतांना त्यांच्या उद्योगापुढें मान लवते. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादून एवढें कथन एकहातीं उभें करणें हें सामान्य काम नव्हे. माझा आक्षेप एवढाच आहे कीं, ओघवत्या निवेदनांत पत्राचा आधार कोठें संपला व बखरीचा कोठें सुरू झाला हें वाचकास पुष्कळदां चटकन् उमगत नाहीं. ओघ हा निवेदनाचा गुण, पण पुराव्याचे सांधे त्यांत झांकले जातात.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचें 'पानिपत : १७६१' हें १९६१ मधील मराठी पुस्तक या बाबतींत वेगळें वाटतें. त्यांचे निष्कर्ष सर्वांस पटतील असें नाहीं, व ते पटावेत अशी त्यांची मनधरणीही नाहीं. पण त्यांनीं रणभूमि स्वतः पाहिली, आणि कागद, भूमि व बखर हे तीन साक्षीदार एकमेकांसमोर उभे केले. वाचकास न्यायाधीशाच्या आसनावर बसवून सर्व उलटतपासणी त्याच्यादेखत करावी, ही त्यांची रीति आहे. ओघ कमी, खडखड फार. पण पुस्तक मिटल्यावर आपण काय जाणतों व कशावरून जाणतों हें सांगतां येतें.

१९८८ सालीं विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी निघाली व तिनें या विषयाकडे लक्षावधि वाचक ओढले. कादंबरीवर इतिहासाच्या कसोट्या लावणें योग्य नव्हे. भीति निराळीच आहे. आज कादंबरींतील संवाद उद्यां भाषणांत येतो, परवां शाळेच्या स्नेहसंमेलनांत, आणि तेरवां एखाद्या लेखांत 'प्रसिद्धच आहे' म्हणून. बखरींचे संवाद इतिहासांत शिरले ते याच वाटेनें. ही वाट बंद करतां येणार नाहीं. तिच्यावर चौकी मात्र बसवितां येते, आणि ती चौकी म्हणजे मूळ कागद.

७

सारांश, स्मृतीची साक्ष टाकाऊ नव्हे व सर्वमान्यही नव्हे. व्यवस्था, चालीरीति, भय, शोक, समकालीनांचा समज आणि स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेला लहान प्रसंग यांविषयीं ती बहुधा चांगली. तिथि, संख्या, दूरचा प्रसंग व दोघांतील खासगी बोलणें यांविषयीं बहुधा दुबळी. शकावली व पत्र यांची शक्ति बरोबर याच्या उलट. म्हणून एकानें दुसऱ्यास हांकून लावूं नये, दोघांस शेजारीं बसवावें.

संग्राहक बंधूंस मात्र चार शब्द सांगावेसे वाटतात. घरांतील आजोबा-पणजोबांचें वहीवर लिहिलेलें वृत्त सांपडलें, तर तें शुद्ध करूं नये. अशुद्ध शब्द, चुकलेली मिति, घरच्या माणसांविषयीं निघालेला कडू शब्द, हें सारें तसेंच राहूं द्यावें. कित्येकदां तेवढेंच खरें असतें. छपाईसाठीं कांहीं वगळणें भागच असेल तर वगळल्याची खूण ठेवावी. प्रत कोणाच्या घरची, कोणाच्या हातून आली, कोणत्या रुमालांत होती, हें एका चिठोऱ्यावर लिहून पोथीबरोबरच बांधावें. तें चिठोरें हरवलें म्हणजे पोथीची अर्धी किंमत गेली. नक्कल झाल्यावर मूळ फेंकूं नये, आणि संस्थेच्या कपाटांत मूळ पोंचलें म्हणजे काम संपलें असेंही समजूं नये. चव्वेचाळीस वर्षें बंद राहिलेल्या त्या मोडी प्रतीची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आपल्या संग्रहांत आजही न वाचलेलीं मोडी दप्तरें आहेत, आणि मोडी भराभर वाचणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत चाललीं आहेत. छापील प्रतींवर वाद घालण्यांत जो वेळ जातो त्याचा चौथा हिस्सा जरी त्यांच्या मुळाशीं जाण्यांत गेला, तरी पुढील पिढीस नवा विष्णुभट भेटण्याची आशा आहे. मात्र तो भेटावा तो त्याच्या स्वतःच्या वाणीनें.